समेरियम निकेलेटचा स्फटिक वाढत का नाही, आणि वाढलाच तर त्याची रचना घनाकार का दिसते

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने समेरियम निकेलेट हे पेरोव्हस्काइट ऑक्साइड मल्टी-अ‍ॅन्व्हिल प्रेसमध्ये, म्हणजे अनेक ऐरणींनी चहूबाजूंनी दाबणाऱ्या यंत्रात, ६ गिगापास्कल दाबाखाली, सुमारे १००० अंश सेल्सिअसला, पोटॅशियम क्लोरेट घालून बनवलं. पावडर शुद्ध आली, स्फटिक मात्र येईना. एकदा ३० मायक्रॉनचा एक काळा चकचकीत कण मिळाला. त्याची क्ष-किरण रचना काढली तर ती घनाकार आली, ३.८० अँग्स्ट्रॉमची युनिट सेल (रचनेत पुन्हा पुन्हा येणारी चौकट), आणि आर-१, म्हणजे मॉडेल आणि मोजमाप यांच्यातली तफावत, सात टक्क्यांवर अडकून बसला. तो विचारतो : स्फटिक कसा वाढवू, आणि ही रचना खरी मानू का?

रचना खरी मानू नका, हे आधी सांगतो. आणि तुमच्या दोन्ही अडचणी एकाच ठिकाणी येऊन मिळतात : ऑक्सिजन. कॅप्सूलमध्ये तो हवा तेवढा आणि हवा तिथे मिळाला नाही तर स्फटिक बिघडतो. क्ष-किरणांच्या विवर्तनात तो नीट दिसला नाही तर रचना बिघडते. म्हणून वाढ आणि रचना ही दोन वेगळी कामं समजू नका. पहिलं ठरवतानाच दुसऱ्याचा विचार झाला पाहिजे.

या संयुगाला दाब लागतो कशासाठी, ते आधी पाहू. पेरोव्हस्काइटमध्ये निकेलभोवती सहा ऑक्सिजनचं अष्टफलक असतं. अशी अष्टफलकं कोपऱ्याला कोपरा लावून जाळी बनवतात आणि मधल्या पोकळीत समेरियम बसतो. तो त्या पोकळीला लहान पडतो, म्हणून अष्टफलकं कलतात आणि पोकळी आवळून घेतात. ए-जागेचा, म्हणजे पोकळीतल्या जागेचा, आयन तिथे किती नेटका बसतो ते मोजायचं गुणोत्तर गोल्डश्मिटने १९२६ मध्ये दिलं. आजही पहिला अंदाज त्यावरूनच बांधतात. लॅन्थॅनम निकेलेटमध्ये निकेल-ऑक्सिजन-निकेल हा कोन साधारण १६५ अंश असतो, समेरियममध्ये १५३ च्या आसपास. कोन जितका मोडतो तितकं संयुग बनवायला कठीण जातं. दुसरी अडचण निकेलची. त्याला इथे ३+ अवस्थेत राहायचं असतं, आणि साध्या हवेत तापवलं की तो २+ कडे पळतो. हातात निकेल ऑक्साइड आणि समेरियम ऑक्साइड उरतं.

या दुसऱ्या अडचणीवर अ‍ॅन्व्हिलचा दाब हे थेट औषध नाही. प्रेसमधले ६ गिगापास्कल घट्ट रचनेला अनुकूल असतात, पण ऑक्सिजन ते पुरवत नाहीत. ऑक्सिजन येतो कॅप्सूलमधल्या क्लोरेटमधून. फ्रान्समधल्या बोर्डोच्या देमाझो आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये या निकेलेटांची मालिका पहिल्यांदा बनवली तीही सुमारे ६ गिगापास्कलला, पोटॅशियम क्लोरेट वापरून, आणि तेव्हापासून तो आकडा पाककृतीसारखा पुढे चालत आला. पण २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमधल्या गटाने निओडिमियमपासून थेट ल्युटेशियमपर्यंतच्या निकेलेटांचे स्फटिक २००० बार ऑक्सिजनखाली वाढवून दाखवले. २००० बार म्हणजे ०.२ गिगापास्कल, तुमच्या दाबाचा तिसावा भाग. ऑक्सिजन खराखुरा हजर असेल तर एवढ्यात भागतं. त्यांचे स्फटिकही शंभर मायक्रॉनच्या आतलेच होते, पण रचना काढायला तेवढे भरपूर झाले.

आता तुमची पावडर पावडरच का राहते, ते पाहा. क्लोरेट फुटला की ऑक्सिजन सुटतो आणि पोटॅशियम क्लोराइड मागे उरतं. हेच मीठ फ्लक्सचं काम करेल, म्हणजे वितळून आपल्यात ऑक्साइड विरघळवेल, अशी आपली अपेक्षा असते. साध्या दाबाला ते ७७० अंशांना वितळतं, त्यामुळे १००० अंशांना ते द्रवच असणार असं वाटतं. पण दाबाखाली क्षारांचा वितळणबिंदू झपाट्याने चढतो. ६ गिगापास्कलला १००० अंशांवर पोटॅशियम क्लोराइड घट्ट घनरूप असतं. तुमच्या कॅप्सूलमध्ये द्रव नव्हताच. कोरड्या घनांमधली अभिक्रिया हजारो ठिकाणी एकाच वेळी सुरू होते, आणि प्रत्येक कण शेजाऱ्याला अडेपर्यंत जेमतेम काही मायक्रॉन वाढतो. पाक घाईने आटवला की बारीक साखर पडते आणि सावकाश निवू दिला की खडीसाखर येते, हे आपण जाणतो. तुमच्याकडे पाकच झाला नव्हता. तो ३० मायक्रॉनचा कण बहुधा कॅप्सूलच्या एखाद्या ओलसर कोपऱ्यात वाढला असावा, कारण थोडंसं पाणीही क्षाराचा वितळणबिंदू बराच खाली ओढतं.

म्हणून माझा सल्ला : दाब कमी करा. १.५ ते २ गिगापास्कलपासून सुरुवात करा. पिस्टन-सिलिंडर प्रेस उपलब्ध असेल तर ती मल्टी-अ‍ॅन्व्हिलपेक्षा बरी, कारण कॅप्सूल मोठी बसते आणि तापमान जास्त सपाट राहतं. फ्लक्स म्हणून सोडियम आणि पोटॅशियम क्लोराइडचं समप्रमाणातलं मिश्रण घ्या, ते एकट्या क्षारापेक्षा शंभराहून जास्त अंश आधी वितळतं. वजनाच्या दोन-तीन टक्के पाणी घालून पाहा. लिथियम क्लोराइडने वितळणबिंदू आणखी खाली येतो, पण तो मोह टाळा. निकेल ऑक्साइडमध्ये लिथियम सहज शिरतो, आणि मग तुमचा स्फटिक नेमका कशाचा आहे हे सांगता येत नाही. क्लोराइड फ्लक्समध्ये समेरियम ऑक्सिक्लोराइड, आणि पाणी जास्त झालं तर हायड्रॉक्साइड बनू शकतं, म्हणून प्रत्येक प्रयोगानंतर उरलेल्या मालाची पावडर पॅटर्न काढायचीच. स्फटिक मिळाला म्हणून ते पाऊल गाळू नका.

ऑक्सिडायझरचा हिशेब कागदावर करा. समेरियम ऑक्साइड आणि निकेल ऑक्साइडपासून एक मोल निकेलेट बनायला पाव मोल ऑक्सिजन वायू लागतो. पोटॅशियम परक्लोरेटचा एक मोल दोन मोल ऑक्सिजन देतो. म्हणजे १०० मिलिग्रॅम निकेलेटसाठी हिशेबाने ७ मिलिग्रॅम परक्लोरेट पुरतं. मी त्याच्या दुप्पट-तिप्पट घालायला सांगेन, म्हणजे अभिक्रिया संपल्यावरही कॅप्सूलमध्ये ऑक्सिजन शिल्लक राहतो आणि सावकाश निवताना स्फटिक त्याच वातावरणात असतो. क्लोरेटपेक्षा परक्लोरेट जास्त तापमानाला फुटतो, आणि ते आपल्या सोयीचं आहे, कारण तोवर दाब चढलेला असतो आणि सील बसलेलं असतं. एक कळकळीची सूचना : क्लोरेट असो वा परक्लोरेट, अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन घालून खलात घोटू नका, आणि धातूच्या निकेल पावडरीबरोबर तर मुळीच नाही. ऑक्साइडं वेगळी घोटा, ऑक्सिडायझर वेगळा बारीक करा, आणि शेवटी कागदावर हलक्या हाताने मिसळा.

कॅप्सूल सोन्याची घ्या आणि दोन्ही टोकं वेल्ड करा. इथे प्लॅटिनमपेक्षा सोनं बरं म्हणतो त्यामागे कारण आहे. हीटर ग्रॅफाइटचा असतो, त्याभोवतीच्या सिरॅमिकमध्ये ओल असते, आणि तापल्यावर कार्बन आणि पाण्यातून हायड्रोजन सुटतो. तापलेल्या प्लॅटिनममधून हायड्रोजन सहज आरपार जातो आणि आतला निकेल क्षपित करतो. सोन्यातून तो फार कमी जातो. बाहेरून सगळं ठीक दिसतं, कॅप्सूल अखंड असते, आणि कापल्यावर कडेला हिरवट निकेल ऑक्साइडची रेघ दिसते. ती रेघ दिसली की ऑक्सिजन कुठून गेला ते समजा. मॅग्नेशियाचे भाग वापरण्याआधी १००० अंशांना भाजून घ्या आणि जोडणी होईपर्यंत ओव्हनमध्येच ठेवा. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात तर ही शिस्त सोडून चालतच नाही.

तापमान १००० अंशांवर नेऊन काही तास धरा, मग वीस-तीस अंशांनी दोन-तीनदा खाली-वर करा. बारीक कण विरघळतात आणि मोठे टिकतात. त्यानंतर ७०० अंशांपर्यंत ताशी ५ ते १० अंशांनी उतरवा. कॅप्सूलचा मध्य गरम आणि टोकं थंड असतात; मल्टी-अ‍ॅन्व्हिलमध्ये मिलिमीटरमागे कित्येक दहा अंशांचा फरक पडतो. ऑक्साइडं गरम भागात आणि फ्लक्स थंड टोकाला भरलात तर हाच फरक उपयोगी पडतो : माल गरम बाजूला विरघळतो आणि थंड बाजूला बसतो. अशा तापमानउताराच्या पद्धतीने जपानमधल्या गटांनी मॅग्नेशियम सिलिकेट पेरोव्हस्काइटचे, म्हणजे पृथ्वीच्या खालच्या प्रावरणातल्या मुख्य खनिजाचे, एक मिलिमीटरचे स्फटिक २४ गिगापास्कलच्या आसपास वाढवले आहेत. त्यापुढे तुमचं काम दाबाच्या दृष्टीने सोपं आहे. दाब उतरवायला रात्रभर वेळ द्या. घाईने उतरवला तर स्फटिकांना तडे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे ताणामुळे त्यांच्यात जुळे डोमेन, म्हणजे एकाच स्फटिकात वेगवेगळ्या दिशांनी बसलेले भाग, पडतात.

स्फटिक मोठा होणं आणि त्यातला ऑक्सिजन पूर्ण असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे लॅन्थॅनम निकेलेटच्या उदाहरणावरून नीट कळतं. हे संयुग कमी ऑक्सिजन दाबातही बनतं, म्हणून ते ऑप्टिकल फ्लोटिंग झोन भट्टीत, म्हणजे केंद्रित प्रकाशाने कांडीचा छोटा भाग वितळवत नेणाऱ्या भट्टीत, वाढवता येतं. अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेत आणि ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेत २०१७-१८ च्या सुमारास काही दहा ते दीडशे बार ऑक्सिजनखाली त्याचे सेंटिमीटरच्या मापातले स्फटिक निघाले. धातूसारखं वागणारं, कुठलाही चुंबकीय क्रम नसलेलं संयुग म्हणून त्याची ओळख होती. पण काही स्फटिकांत १५० केल्विनच्या थोडं वर अँटिफेरोमॅग्नेटिक क्रम (शेजारचे अणुचुंबक उलटसुलट दिशांना) दिसला. तो या पदार्थाचा अंगचा गुण मानायचा का, यावर वाद झाला. पुढच्या न्यूट्रॉन अभ्यासात असं दिसलं की ऑक्सिजन थोडा कमी असलेल्या स्फटिकात रिकाम्या जागा रांगेने बसलेले भाग असतात, आणि चुंबकत्व त्या भागांशी जोडता येतं. ऑक्सिजनच्या काही टक्क्यांच्या कमतरतेने पदार्थाची ओळखच बदलायची वेळ आली होती.

आता रचनेकडे येऊ. समेरियम निकेलेटची सेल ऑर्थोऱ्हॉम्बिक, म्हणजे तिन्ही बाजू वेगळ्या पण कोन काटकोन अशी, साधारण ५.३३, ५.४४ आणि ७.५७ अँग्स्ट्रॉमची असते; तिचा स्पेस ग्रुप, म्हणजे सममितीचा गट, पीबीएनएम. पहिल्या दोन बाजूंना दोनाच्या वर्गमुळाने आणि तिसरीला दोनाने भागा : ३.७७, ३.८५, ३.७९. तिन्ही एकमेकांच्या इतक्या जवळ आहेत की डिफ्रॅक्टोमीटरचं सॉफ्टवेअर त्यांचा आनंदाने ३.८० चा घन करून टाकतं. ठळक परावर्तनं समेरियमच्या ६२ आणि निकेलच्या २८ इलेक्ट्रॉनांतून येतात. कलण्याची खूण असलेली परावर्तनं मोठ्या सेलची असतात, घनाच्या निर्देशांकांत अर्ध्यांवर पडतात, आणि त्यांत मोठा वाटा ऑक्सिजनच्या आठ इलेक्ट्रॉनांचा असतो. पीक शोधताना तीव्रतेची किमान मर्यादा थोडी जरी वर ठेवली तरी ती गळून जातात. मग जे उरतं ते घनाकारच असणार.

तपासायचे दोन मार्ग आहेत, आणि दोन्ही तुमच्याकडे असलेल्या मोजमापावर आजच करता येतील. पहिला, व्युत्क्रम जालकाच्या, म्हणजे परावर्तनांच्या बिंदूंच्या जाळीच्या, थरांची चित्रं बनवा, विशेषतः अर्ध्या निर्देशांकांच्या थरांची, आणि डोळ्यांनी पाहा. समेरियमही आपल्या जागेवरून पाव अँग्स्ट्रॉमच्या आसपास सरकलेला असतो, त्यामुळे काही अर्धे बिंदू दिसायलाच हवेत. अंधुक असतील तर एक्सपोजर दहापट करून पुन्हा मोजा. अष्टफलकं एकाच बाजूला कलली की शेजारशेजारची उलटसुलट, यावर कुठले अर्धे बिंदू उजळतात ते ठरतं. ग्लेझरने १९७२ मध्ये मांडलेली कलण्याची चिन्हपद्धती शेजारी ठेवलीत की वाचायला वेळ लागत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे घनाकार मॉडेलमधल्या ऑक्सिजनचा एलिप्सॉइड, म्हणजे अणू आपल्या जागेभोवती किती पसरलेला दिसतो ते दाखवणारा लंबगोल. घनामध्ये ऑक्सिजन दोन निकेलांच्या मधोमध सरळ रेषेवर बसवलेला असतो. प्रत्यक्षात १५३ अंशांच्या कोनामुळे तो त्या रेषेपासून सुमारे ०.४५ अँग्स्ट्रॉम बाजूला असतो, आणि वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या बाजूला. सरासरी रचनेत हे सगळे ऑक्सिजन एकत्र येऊन निकेल-ऑक्सिजन बंधाला लंब अशी चपटी चकती बनते. बंधाच्या दिशेने यू-चं, म्हणजे या पसरण्याचं, मूल्य ०.०१ अँग्स्ट्रॉम वर्गाच्या आसपास आणि लंब दिशेने ०.१ च्या जवळ आलं असेल, तर ती उष्णतेची थरथर नाही, ते लपलेलं कलणं आहे. तुमच्या फाइलमध्ये हे दोन आकडे आधी पाहा. आर-१ अडकण्याचं कारणही तिथेच सापडेल असा माझा कयास आहे.

पीबीएनएममध्ये गेल्यावर पुढचा अडथळा जुळेपणाचा. घनाकार मूळ रचनेतून ऑर्थोऱ्हॉम्बिक रचना सहा वेगवेगळ्या दिशांनी बसू शकते. एकाच कणात सहाही डोमेन असतील तर त्यांची परावर्तनं एकमेकांवर पडतात आणि पुन्हा घनाचा भास होतो. शेलएक्सएल किंवा जाना या रचना काढायच्या प्रोग्रामांत ट्विन मॅट्रिक्स (डोमेन एकमेकांशी कसे वळलेले आहेत ते सांगणारे आकडे) देऊन प्रत्येक डोमेनचा वाटा रिफाइन करता येतो, म्हणजे मोजमापाशी जुळवून काढता येतो. सहा वाट्यांचं रिफाइनमेंट करताना जाना मला जास्त सोयीचा वाटतो. पण गणिताने जुळेपण सोडवण्यापेक्षा जुळा नसलेला कण शोधणं केव्हाही चांगलं. मोठा स्फटिक कुटू नका. त्याच्या कोपऱ्यातून सुईने २० ते ३० मायक्रॉनचा तुकडा अलगद तोडा, परावर्तित ध्रुवित प्रकाशात पाहा, आणि रंगछटा एकसारखी असलेला घ्या. शोषणाची दुरुस्ती मात्र कणाच्या कडा मोजून करा. समेरियम क्ष-किरण भरपूर गिळतो, आणि ती चूक थेट ऑक्सिजनच्या आकड्यांत उतरते.

जुळा नसलेला कण का हवा, याचं आणखी गंभीर कारण आहे. समेरियम निकेलेट सुमारे ४०० केल्विनखाली धातूचा अवाहक बनतो. या मालिकेतल्या अवाहक अवस्थेत निकेलच्या दोन वेगळ्या जागा होतात : एका अष्टफलकातले बंध लांब, शेजारच्यातले आखूड. इट्रियम निकेलेटमध्ये हे माद्रिदच्या आलोन्सो आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये न्यूट्रॉन आणि सिंक्रोट्रॉन (प्रखर क्ष-किरणांचा स्रोत) दोन्ही वापरून दाखवलं. सरासरी बंध सुमारे १.९९ आणि १.९२ अँग्स्ट्रॉम, स्पेस ग्रुप पी२१/एन, आणि बीटा कोन ९० अंशांहून केवळ ०.०८ अंशाने जास्त. एवढ्याशा कोनावरून तुमचा प्रयोगशाळेतला डिफ्रॅक्टोमीटर काहीच सांगू शकणार नाही. सांगतील ती निषिद्ध परावर्तनं : पीबीएनएममध्ये पहिला निर्देशांक शून्य आणि दुसरा विषम असेल तर परावर्तन शून्य असायला हवं, पी२१/एनमध्ये ही अट सुटते. म्हणजे ०११ दिसला तर रचना मोनोक्लिनिक, एक कोन काटकोन नसलेली. पण ए आणि बी अक्षांची अदलाबदल झालेलं डोमेन त्याच कणात असेल, तर त्याचा १०१ बरोबर त्याच जागी येऊन पडतो, आणि तो पीबीएनएममध्येही वैध आहे. जुळ्या कणात ०११ दिसला म्हणून स्पेस ग्रुप बदलणारे शोधनिबंध मी तपासायला आलेल्या हस्तलिखितांत पाहिले आहेत. असा निष्कर्ष टिकत नाही.

म्हणून एकच कण दोनदा मोजा, गरम नायट्रोजनच्या झोतात ४५० केल्विनला आणि मग खोलीच्या तापमानाला, बाकी काहीही न बदलता. वर ०११ नाही आणि खाली आहे, असं दिसलं तर बोलायला आधार आहे. वरही असेल तर आधी जुळेपण तपासा.

न्यूट्रॉनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण परीक्षक विचारतील. न्यूट्रॉनला ऑक्सिजन ठळक दिसतो : त्याची प्रकीर्णन लांबी, म्हणजे न्यूट्रॉन विखुरण्याची ताकद, ५.८ फेम्टोमीटर, निकेलची १०.३, क्ष-किरणांतला आठ विरुद्ध बासष्ट हा प्रकार तिथे नाही. अडचण समेरियमचीच आहे, तो न्यूट्रॉन प्रचंड शोषतो. १९९८ मध्ये या संयुगाची चुंबकीय रचना काढली गेली ती समेरियम-१५४ हा वेगळा केलेला समस्थानिक वापरून. तो महाग असतो. शिवाय प्रेसमधून एका वेळी काही दहा मिलिग्रॅम माल निघतो, तर तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीवरच्या पावडर डिफ्रॅक्टोमीटरसाठी ग्रॅमच्या मापात माल हाताशी असावा लागतो. समेरियमसाठी तो मार्ग तुमच्या पीएचडीच्या वेळापत्रकात बसणार नाही. पावडरचं चांगल्या रेझोल्यूशनचं मोजमाप इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर मात्र जरूर करा, आणि ते एकस्फटिकाच्या मॉडेलपासून सुरुवात करून रिटव्हेल्ड पद्धतीने, म्हणजे मॉडेलवरून काढलेला सगळा पॅटर्न मोजलेल्याशी ताडून, जुळवा. दोन्हींतून येणारे निकेल-ऑक्सिजन बंध शंभरांश अँग्स्ट्रॉमच्या आत जुळले पाहिजेत.

एक गोष्ट लगेच करता येईल : याच कॅप्सूलमध्ये, याच पाककृतीने इट्रियम निकेलेट वाढवून पाहा. इट्रियम न्यूट्रॉन फारसे शोषत नाही, क्ष-किरणांत समेरियमपेक्षा हलका असल्याने ऑक्सिजन जास्त दिसतो, विकृतीही मोठी आहे, आणि ताडून पाहायला १९९९ चे आकडे आहेत. तुमच्या मोजमापात इट्रियमचे दोन निकेल वेगळे दिसले नाहीत, तर समेरियममध्ये ते शोधण्यात अर्थ नाही. आधी स्फटिक किंवा मोजमाप सुधारा. दिसले तर समेरियमचा पुढचा प्रयोग २ गिगापास्कलला लावा, आणि तो जुना ३० मायक्रॉनचा कण फेकू नका. त्याचे अर्ध्या निर्देशांकांचे थर दहापट एक्सपोजरने मोजून इथे टाकलेत तर डोमेन किती आहेत ते पाहून सांगता येईल.